कोपराला बांधलेली चिंधी

आई,

आत्ता दुपारचे तीन वाजलेत आणि मी त्र्यंबक रोडवर, आमच्या कंपनीच्या चार्जिंग स्टेशनच्या केबिनमध्ये बसले आहे. तुझा पेट्रोल पंप इथून दोन स्टॉप पुढे होता. बाहेर श्रावणातला पाऊस लागलाय, तुला ठाऊक असलेला, चार-चार दिवस उघडीप न देणारा. सोमवार नाही म्हणून त्र्यंबकला जाणाऱ्यांची गर्दी तेवढी नाही. समोर विजेवर चालणारी एक गाडी उभी आहे आणि तिला चार्ज करायला माणूस नाही, रोबो आहे. तू गेलीस तेव्हा असलं काही इथे कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून नीट सांगते. कपाटाएवढी पेटी असते. गाडी जागेवर लागली की तिचं शटर वर जातं, आतून एक लांब हात बाहेर येतो, कॅमेऱ्याने बघून गाडीची चार्जिंगची जागा शोधतो आणि प्लग बरोबर बसवतो. ड्रायव्हरने काचसुद्धा खाली करायला नको. काम झालं की हात आत, शटर बंद. ऊन, पाऊस, धूळ यातलं काही त्या हाताला बाधू द्यायचं नाही, हे माझं काम. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि तुझी मुलगी एका यंत्राला पावसापासून जपायचा पगार घेते.

फार लाड असतात त्याचे. हाताला घड्याघड्यांचं रबरी आवरण आहे, कॅमेऱ्याच्या काचेला इवलासा वायपर आहे, थंडीत आत दव धरू नये म्हणून हीटर आहे. हीटर, आई! डिसेंबरात तू सकाळच्या पाळीला सहाला उभी राहायचीस आणि घरी आलीस की तुझी बोटं वळायची नाहीत. भाकरीचं पीठ परातीत तसंच ठेवून गॅसवर हात शेकत म्हणायचीस, “थांब बाय, आदी हात मानसात येऊ दे.” हीटर हवा असा कागद मीच लिहिला होता. कोणी एक प्रश्न विचारला नाही, लगेच मंजूर झाला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत जागेवर बसले.

बाबा गेल्यावर तू पंपावर लागलीस तेव्हा मी आठवीत होते. त्या पंपाला छप्पर होतं, पण वाऱ्याबरोबर पाऊस आडवा आत यायचा. पाणी पाइपवरून ओघळत नळीच्या तोंडाशी यायचं, तुझ्या बाहीतून मनगटावर यायचं, आणि टाकीत थेंब पडला की गिऱ्हाईक ओरडायचं. बाकीचे सारखे हात पुसायचे. तू मात्र जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या न्यायचीस. एक पाइपला, तोंडापासून हातभर वर, आणि एक स्वतःच्या कोपराला. गाठ खालच्या अंगाला, टोकं लोंबती. पाणी तिथवर यायचं, टोकावरून खाली गळायचं, पुढे काही जायचं नाही. मी एकदा हसले होते तुला, काय हे सोंग म्हणून. तू म्हणालीस, “हात पुसून काय व्हतंय? पानी कोपरावरून येतं. त्याला तिथंच थांबवायचं.”

आता तो दिवस. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज कॉलेजच्या बसने तुझ्या पंपावरून जायचे आणि पंप आला की दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचे. वर्गात कुणालाही तू काय करतेस ते माहीत नव्हतं. त्या दिवशी बस चुकली, मैत्रिणीने तिच्या स्कूटीवर घेतलं, आणि तिला नेमकं तुझ्याच पंपावर पेट्रोल भरायचं सुचलं. मी मागून उतरून बाजूला उभी राहिले. तू डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, कोपराला चिंधी. मला बघून तुझा चेहरा फुलला. तू काहीतरी म्हणणार होतीस. मी मान खाली घातली आणि बॅगेची चेन लावत बसले, जी आधीच लावलेली होती.

तुला कळायला किती वेळ लागला? एक श्वास. लगेच तू तिच्याकडे वळलीस, “ताई, झिरो बघा.” पेट्रोल भरलंस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, “मॅडम, जरा आत सरका, वरून पानी गळतंय तुमच्यावर.”

मॅडम. तुमच्यावर. मी सरकले. रस्त्याला लागल्यावर मैत्रीण म्हणाली, “किती गोड बोलतात गं त्या काकू.” मी हं म्हणाले.

त्या संध्याकाळी मी घाबरतच घरी आले. तू ओरडशील, रडशील, निदान अबोला धरशील, काहीतरी करशील असं धरून चालले होते. तू मेथीची भाजी निवडत होतीस. म्हणालीस, “ती तुजी मैत्रीन का? लय चांगली हाय पोरगी. तिला सांग, मागच्या टायरात हवा कमी हाय.” बस्स. पुढे कधीच विषय काढला नाहीस. त्या दिवशी एक थोबाडीत दिली असतीस तर मी मोकळी झाले असते गं.

दोन वर्षांनी श्रावणातच तुला ताप आला. सोमवारची गर्दी आहे, सुट्टी कशी मागू, म्हणत तू तसल्या पावसात गेलीस, आणि ताप छातीत उतरला. सरकारी दवाखान्यात चार दिवस मी तुझ्या कॉटशी होते. रोज ठरवायचे, आज माफी मागायची. चार दिवस होते माझ्या हातात, आणि मी मोसंबी सोलत बसले. तू शुद्धीवर होतीस, माझ्या परीक्षेचं विचारत होतीस. मला वाटलं, घरी नेल्यावर बोलू.

मागच्या महिन्यात इथला रोबो पावसात सारखा बंद पडत होता. पाणी त्या लांब हातावरून ओघळत प्लगपर्यंत यायचं आणि धोका नको म्हणून वीज आपोआप तुटायची. सगळे प्लगच्या मागे लागले. जाड रबर लावून झालं, दुसरं झाकण बसवून झालं. मी दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी माझा रुमाल काढला आणि रोबोच्या हाताच्या कोपराला बांधला, गाठ खालच्या अंगाला, टोकं लोंबती. पाणी टोकावरून गळायला लागलं. दिवसभर मुसळधार पाऊस झाला आणि वीज एकदाही तुटली नाही. आता तिथे रबराची खालून टोक काढलेली कडी बसते. कंपनी जिथे जिथे रोबो लावणार आहे, तिथे प्रत्येकाला ती असणार. तुझ्यासारख्या बायकांचं काम हे यंत्र घेणार, तेही तुझीच युक्ती वापरून. यावर तू काय म्हणाली असतीस, मला खरंच माहीत नाही. कदाचित, बरं झालं, कुनाला भिजाया नको, एवढंच.

परवा मोठे साहेब बघायला आले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “मॅडम, हे सुचलं कुठून तुम्हाला?” माझ्या तोंडात ‘आई’ आलं होतं, देवाशपथ आलं होतं. मी म्हणाले, “असंच, करून बघता बघता.” टाळ्या वाजल्या.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा शेवटी तुला सांगायचं ठरवलं होतं, की उद्या मी साहेबांना खरं काय ते सांगेन. आता इथवर आल्यावर खोटं लिहवत नाही. मला तुझी लाज वाटत नाही, केव्हाचीच वाटत नाही. पण तुझ्याबद्दल बोलायला लागले की ती चिंधी मी शेवटची नीट पाहिली तो स्कूटीचा दिवसही सांगावा लागेल, आणि ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्या कडीच्या हक्काचे, म्हणजे पेटंटचे, कागद आज सकाळी आले. ही कल्पना आणखी कोणाची आहे का, असा त्यात एक रकाना होता. मी तिथे ‘नाही’ लिहिलं आणि सही करून कागद देऊन टाकले.