दादांच्या मोतीबिंदूची चौकशी, आणि थोडं घरचं

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (तो तुम्हाला दिसणार नाही, पण खरोखर घातला आहे, कमरेत भरलेली उसण हा त्याचा पुरावा.) मोतीबिंदूचं ऑपरेशन सुरळीत पार पडलं ना? डोळा लाल आहे का? खाज आली तरी चोळू नका, आणि ठसका लागेल असं काही खाऊ नका. डॉक्टरांनी तुम्हाला वाचायला बंदी केली आहे असं कळलं, त्यामुळे हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार, हेही मी ओळखून आहे. पत्र मात्र तुम्हालाच आहे. वाचणाऱ्या व्यक्तीने कुठलाही मजकूर गाळू नये आणि 'पुढे काही विशेष नाही' असं सांगून कागदाची घडी घालू नये, एवढं तिला बजावा.

दादा, मी पुरता गोंधळलो आहे. तुमची बहीण तुमच्या डोळ्यासाठी तुमच्याकडे आली आहे की मला सोडून आली आहे, हे मला कळत नाही. निघताना ती "दादाचं ऑपरेशन आहे, जाते," एवढंच म्हणाली. आता ऑपरेशन तर खरंच होतं. पण गॅसचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा ते तिने मला सांगितलं नाही. म्हणजे लवकर परतणार म्हणून सांगितलं नाही, की माझं काहीही झालं तरी चालेल म्हणून? बरं, तिची छत्री इथेच आहे, पण आवडती उशी नेली आहे. छत्री दिसली की जिवात जीव येतो, पलंगाकडे बघितलं की जातो. दिवसभर मी या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालतो आहे.

सगळं सुरू झालं ते नव्या नाटकापासून. त्यात मी चित्रकार आहे. (आधीच्या नाटकात न्यायाधीश होतो, तेव्हा घरात काही बिघडलं नव्हतं.) दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही ब्रश धरता तो झुरळ मारायला निघाल्यासारखा, जरा शिकून घ्या. म्हणून मी चित्रकलेच्या मास्तरांकडे जाऊ लागलो. किटली काढून झाली, कांदे काढून झाले, तेव्हा मास्तर म्हणाले, आता घरचं माणूस समोर बसवा. किटली रागावत नाही आणि माणूस रागावतं, हा फरक माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवा होता.

ती बिचारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हौसेने बसली. मी सुरुवात केली. दादा, काय चित्रकार दिसत होतो मी! एक डोळा मिटत होतो, अंगठा पुढे धरत होतो, चार पावलं मागे जाऊन मान कलती करून 'हं' म्हणत होतो. बऱ्याच वेळाने तिने शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही माझं चित्र काढताय की चित्रकाराचं काम करताय?" मी कॅनव्हासकडे बघितलं. त्यावर स्टुलाचा एक पाय होता.

मग मात्र मी मनापासून कामाला लागलो. स्टूल आलं, केस आले, हात आले (हात खरंच छान आलेत, अंगठ्यावरच्या सुरीच्या खुणेसकट). डोळ्यांशी येऊन घोडं अडलं. याचं कारण आमच्या धंद्यात आहे. रंगमंचावर आम्ही समोरच्या नटाच्या डोळ्यांत बघत नाही, कपाळावर बघतो. प्रेक्षकांना फरक कळत नाही, आणि समोरच्याला हसू फुटलं तर आपण वाहवत जात नाही. शिवाय लग्न झाल्यापासून माझी प्रत्येक भूमिका तिनेच पाठ करून घेतली आहे. मी खोलीभर फिरत बोलायचं, तिने मांडीवर संहिता घेऊन, खाली बघत, माझी अडलेली वाक्यं पुरवायची. सगळ्या जगाने माझ्याकडे बघायचं आणि तिने कागदाकडे, असा आमचा संसार. ती आता सरळ माझ्याकडे बघत बसली, तर भरलेल्या थिएटरपुढे कधी न डगमगलेल्या माझ्या तळहातांना घाम फुटला. बायकोला घाबरणारे नवरे पुष्कळ असतात, पण ती काही बोलत नसताना? मी गुपचूप तिला खाली बघताना रंगवून टाकलं.

तिने जवळ येऊन चित्र बघितलं. मग म्हणाली, "मी तर तुमच्याकडे बघत होते."

माझं चुकलं हे मला त्याच क्षणी कळलं, पण तोंडातून शब्द फुटेना. मी अडलो, आणि तिने सवयीने पुढचं वाक्य पुरवलं: "माझं चुकलं." झालं! वाक्य हातात आल्यावर कुठला नट गप्प बसेल? मी किंचित खिडकीकडे वळलो (उजेड तिकडून येत होता), आवाज खाली आणला, मधे एक श्वास सोडला आणि असं काही "माझं चुकलं" म्हणालो की माझेच डोळे भरून आले. दादा, ते खरं होतं. (तुमची शपथ घेतली असती, पण तुमचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे.) अगदी आतून आलेलं होतं. पण म्हणून झाल्यावर, इतक्या वर्षांच्या सवयीने, मी तिच्याकडे वळून विचारलं, "कसं झालं?"

तुमचं ऑपरेशन ठरलं आहे, हे मला त्यानंतर लगेचच पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून मी माफीची तालीम करतो आहे. रोज ती सुधारते, आणि जितकी सुधारते तितकी खोटी वाटते. ज्या कसबावर घर चाललं, त्यानेच घरात माझी पत घालवली. मास्तर म्हणतात, डोळे आठवून काढा. आठवायला बसलो की कपाळ आठवतं. मी खरंच दुःखी आहे की नुसता उत्तम दुःखी आहे, हेही मला हल्ली सांगता येत नाही. पण ती नसली की घर खायला उठतं आणि मला करमत नाही, हे वाक्य मला कुणी लिहून दिलेलं नाही.

असो. डोळ्यात औषध वेळेवर घाला. कळावे. (मला काही कळत नाही, निदान तुम्हाला तरी कळावे.) लोभ आहेच, तो नीट दिसू लागल्यावरही असाच ठेवावा.

आपला,
मेहुणा

ता. क. डोळ्यावरची पट्टी निघाली की एक काम करा. हे पत्र वाचणारीकडे नीट बघा आणि ती रागावली आहे का ते मला कळवा. तुम्ही तिला लहानपणापासून बघत आला आहात, शिवाय आता डोळाही नवाकोरा आहे.

पुन्हा ता. क. राहू द्या, कळवू नका. पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, वाटेत तुमच्याकडची बस दिसली आणि चढलो. आत्ता तुमच्याच जिन्यात बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. मघाशी तुम्ही खोकलात ते ऐकू आलं. ऑपरेशननंतर खोकणं बरं नाही. त्यावर ती तुम्हाला ओरडली तेही ऐकलं, आणि फार बरं वाटलं. आता हा कागद दाराखालून आत सरकवतो. वाचून झालं की तिला म्हणावं, दार उघड, पण उघडून लगेच पाठ फिरवू नकोस. जरा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहा. मला भीती वाटते आहे, तरी मीही बघेन. रंग आणि ब्रश घरी ठेवून आलो आहे.