थंडीला भिणारी गाडी

आई, आज १९ डिसेंबर २००५, सोमवार, दुपारचे पावणेचार. पिंपरी पेंढारच्या घरी पडवीत गाडी उभी राहायची, त्या जागेवरचा तेलाचा डाग मी रॉकेलच्या बोळ्याने पुसत होतो. डाग फिकट झाला, गेला नाही. हात साबणाने दोनदा धुतले आणि मग वही घेतली. तुझी गाडी आज बेल्ह्याच्या बाजारात विकली. तू गेल्यानंतर सात वर्षं ती मीच चालवली. विकताना तिची खोड सांगावी लागली, आणि तेव्हा एक वाक्य बोलावं लागलं. ते मी तुला कधी बोललो नव्हतो, म्हणून लिहितो आहे.

मी आता मंचरला एका वजनकाट्यावर पावत्या लिहितो. कांद्या-बटाट्याच्या गाड्या पहाटेपासून रांगेत लागतात, त्यामुळे सहाला हजर व्हावं लागतं, म्हणजे घरून पाचच्या आत निघायचं. दिवाळी झाली की रस्ता गार पडत जातो. कुकडीच्या पुलावर पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसतो, ट्रक दिसत नाही. दोन स्वेटर, त्यांच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्र, कानटोपी, हातमोजे, एवढं करूनही मंचरला पोचल्यावर पहिल्या चार पावत्यांवर अक्षर वाकडं येतं. मालक काही बोलत नाहीत. मलाच ते बघवत नाही.

काट्यावरच्या ओळखीतून आमचा पाच जणांचा गट झाला आहे. दर जानेवारीत पाच गाड्या काढून दोन-तीन दिवस फिरायला जातो. गेल्या वर्षी माळशेजवरून कोकणात उतरलो. तुझी गाडी परतीच्या चढाला मागे पडली, धूर देत राहिली. शिवाय प्रत्येक थांब्यावर मी उतरलो की वाकून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बघायचो, निघताना परत बघायचो, आणि थोडं पुढे गेल्यावर चालत्या गाडीवरून हात खाली घालून चाचपायचो. गटातला टायरवाला म्हणाला, "राव, तू काय दर टप्प्याला गाडीची नाडी बघतो का?" त्याच्या शेजारी चहा पिणारा म्हणाला, "आरं, त्याची गाडी थंडीला भेती. त्याच्या आईला डोंगरात दगा दिला व्हता ना तिनं." सगळे हसले नाहीत, एकदोघंच हसले. मी ग्लास विसळून परत दिला. आई, ती गोष्ट घोडेगावपासून बेल्ह्यापर्यंत पोचलेली आहे. तुझ्या गाडीचं सगळीकडे तेच नाव झालं आहे. यंदा गट भीमाशंकरला जाणार आहे, म्हणजे डिंभ्यावरून, त्याच रस्त्याने. त्यांनी मला सांगून टाकलं, नवी गाडी घे, नाहीतर कुणाच्या तरी मागं बस.

आळेफाट्याच्या शोरूममध्ये मी चार रविवार गेलो. वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली होती, डावीकडे सहल, उजवीकडे थंडी. सहलीला दीडशे सीसीची हवी, चढाला इतरांबरोबर राहणारी, मोठ्या टाकीची, मागे बॅग बांधता येईल अशी. थंडीला हवी ती हलकी, पहाटे पहिल्या झटक्यात सुरू होणारी, जिचा उजेड धुक्यात रस्त्यावर पडतो, आणि रोजच्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला परवडेल अशी. दोन्ही बाजूंना बसणारी एकही नव्हती. विक्रेता शेवटी म्हणाला, "भाऊ, लग्नाची मुलगी बी एवढी बघत न्हाई कोणी." तिसऱ्या रविवारी मी एका गाडीच्या मागच्या सीटवर एका बाजूला बसून पाहिलं. त्याने विचारलं, "आन् चालवणार कोण?" मी उतरलो. चौथ्या रविवारी एका गाडीचा कॉक पाहिला तर त्यावर 'बंद'ची खूणच नव्हती. चालू आणि रिझर्व्ह, दोनच खुणा. बंद कसा करायचा म्हणून विचारलं. "करायचाच न्हाई. इंजिन थांबलं की पेट्रोल आपोआप बंद, सुरू केलं की चालू. तुमी इसरला तरी गाडी इसरत न्हाई." मी वही मिटली आणि ती गाडी ठरवली. सव्वाशे सीसीची आहे, सहलीला थोडी कमीच पडेल. मित्रांना सांगितलं, बटणावर सुरू होते म्हणून घेतली.

तू गाडी घेतलीस ती १९९३ला, सोसायटीचं कर्ज काढून. तू नर्सबाई, डिंभ्याच्या वरच्या अंगाला तुझं उपकेंद्र आणि डोंगरातल्या सात वाड्या तुझ्याकडे. अण्णा इकडे शेती बघायचे, आपण दोघं तिकडे क्वार्टरमध्ये. मी दहावीला गणितात आणि इंग्रजीत नापास झालो होतो. तू म्हणालीस, परत परीक्षा देशील तेव्हा देशील, तोवर मला वाड्यांवर ने. लायसन्स नव्हतंच. परीक्षाही मी परत दिली नाही. गाडी घेताना दुकानातले लोक अण्णांना इंजिन दाखवत होते आणि तू कुणाला न विचारता मागच्या सीटवर बसलीस, लसीचा निळा डबा मांडीवर घेतलास, पाय टेकायची पट्टी चपलेने दाबून पाहिलीस. म्हणालीस, "हीच घ्या. हिच्यावर डबा हलत नाही."

पंचाण्णवचा जानेवारी. गाडी रात्री क्वार्टरच्या पडवीत असते आणि पडवीला लागूनची खोली बाळंतिणींची. संध्याकाळी तू मला बोलतेस, "आत पेट्रोलचा वास येतोय. रात्री कॉक बंद करत जा म्हणून किती वेळा सांगायचं? शाळेत लक्ष नाही, इथंही नाही." मी जेवणावरून उठतो आणि कॉक बंद करतो. त्याआधी कधी केला नव्हता. सकाळी सातला वरच्या वाडीतला एक माणूस धावत येतो. त्याची बायको अडली आहे. "बाई, लवकर चला. म्हातारी म्हणती पोर पायाळू हाये." तू पिशवी घेतेस. मी पुढे, तू मध्ये, तो मागे. गाडी पहिल्या किकला सुरू होते, किलोमीटरभर जाते आणि चढाच्या पहिल्या वळणावर बंद पडते. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल तेवढंच होतं, हे आता मला कळतं. तेव्हा मी चोक ओढतो, किक मारतो, प्लग काढून सदऱ्याला पुसतो, परत किक मारतो. तू विचारतेस, मी चालत निघू का? मी म्हणतो, होईल. आता होईल. तो माणूस एकदा माझ्या पायाकडे बघतो, एकदा डोंगराकडे. अर्धा तास तू माझ्या शब्दावर थांबलीस. मग पदर खोचलास, पिशवी त्याच्याकडे दिलीस आणि दोघं पायवाटेने वर गेलात.

तुम्ही दिसेनासे झाल्यावर मी गाडीशेजारी खाली बसलो. कॉक तोंडासमोर होता, बंद. मी तो उघडला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी लगेच निघालो नाही. गाडी बंद केली आणि तिथेच बसलो. थोडा वेळ मला तुझाच राग आला होता. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. वेळ लिहून ठेवायची सवय मला त्यानंतर लागली. रस्त्याने फिरून वाडीवर पोचलो तेव्हा तू दारातल्या दगडावर हात धूत होतीस. बाई वाचली होती, मूल गेलं होतं. तू वर न बघता विचारलंस, "झाली सुरू?" मी म्हणालो, "ऊन आल्यावर झाली. थंडीनं धरली होती."

पंधरा दिवसांनी आरोग्य केंद्राने तुझ्याकडे लेखी खुलासा मागितला, उशीर का झाला. तू कच्च्या कागदावर लिहिलंस आणि मी चांगल्या कागदावर उतरवलं, कारण माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं. 'कडाक्याच्या थंडीमुळे मोटारसायकल बंद पडल्याने प्रसूतीच्या ठिकाणी पोहोचण्यास विलंब झाला.' प्रसूतीतला सू तू ऱ्हस्व काढला होतास, तो मी दीर्घ केला. बाकी वाक्याला हात लावला नाही. डॉक्टरांनी कागद वाचून फाइलला लावला आणि विचारलं, अक्षर कुणाचं? तू सांगितलंस, माझ्या मुलाचं. हे तूच मला घरी येऊन सांगितलंस, आणि येताना घोडेगावातून माझ्यासाठी शाईचं पेन आणलं होतंस, निळं, सोनेरी टोपणाचं. म्हणालीस, "अक्षरावर भाकरी मिळेल तुला." मिळाली.

एकदा सांगणार होतो. तू चुलीपुढे नाचणीच्या भाकरी थापत होतीस, लाकूड ओलं होतं, मी फुंकणीने फुंकत होतो. तू आपणहून म्हणालीस, "गाडीला कशाला बोल लावायचा, निर्जीव ती. मीच पहिल्यापासून चालत निघायला पाहिजे होतं." भाकरी उलटलीस. मी तोंडातून फुंकणी काढली नाही.

त्यानंतरचे तीन हिवाळे तू गाडीवर बसली नाहीस. थंडी सुरू झाली की म्हणायचीस, हिचा भरवसा नाही, डबा तेवढा ने. उजाडायच्या आधी तू पायवाटेने निघायचीस आणि मी डबा मागच्या सीटवर बांधून रस्त्याने जायचो. वाडीच्या खाली थांबलो की पायवाटेवर तुझी बॅटरी येताना दिसायची. टाचांच्या भेगांत तू मेण भरायचीस. त्या तिन्ही हिवाळ्यांत गाडी एकदाही बंद पडली नाही. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि तू गेलीस.

आज गाडी घेतली तो बैलांचा व्यापारी आहे, काट्यावर ओळख झालेला. बेल्ह्याच्या बाजारात त्याने गाडी बैलासारखीच पाहिली. भोवती फिरला, टायर दाबले, सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी पाहिली, गाडी चालवून आणली. मग टॉवेल टाकून त्याखाली माझा हात धरला. बोटं दाबून सांगितलेला भाव मला नीट समजत नाही, पण आठ हजार समजले. हात न सोडता तो म्हणाला, "आता खोड सांगा, भाऊ. हितं खोड सांगितल्याबिगर सौदा व्हत न्हाई. मारका बैल बी इकतो आमी, पर मारका हाये म्हणून सांगून." मी सांगितलं, धूर देते, चढाला मागे पडते, दुसरा गियर कधीकधी लागत नाही. "त्ये समदं दिसलं मला. थंडीचं सांगा. लोक म्हणत्यात, हिनं नर्सबाईला डोंगरात सोडलं व्हतं."

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. गाडी सात-साडेसात हजारांना गेली असती आणि नाव तिचंच राहिलं असतं. टॉवेलखाली माझा हात त्याच्या हातात होता. मी म्हणालो, "ते खोटं आहे. पेट्रोलचा कॉक बंद राहिला होता."

"कुणी ठेवला?"

"मी."

तो मोठ्याने हसला. शेजारच्या दावणीवरच्या माणसाला म्हणाला, "पावणं, ऐका की! खोड गाडीची न्हाई, धन्याची हाये. धनी बदलला, खोड गेली!" तो माणूसही हसला. व्यापाऱ्याने टॉवेलखाली माझी बोटं परत दाबली. "मंग पाचशे वर घ्या. बिनखोडीचं जनावर हाये, कमी कशाला देऊ?" मधून चहावाला गेला. कुणीतरी एक खोंड ओढत नेत होतं, आम्ही बाजूला झालो. मला वाटलं होतं, हे तोंडातून निघेल तेव्हा काहीतरी होईल. काही झालं नाही. मी पैसे मोजून घेतले, कागद दिले, चावी दिली. त्याने चालवून आणलेली गाडी परत उभी करताना मी सवयीने कॉक बंद केला होता. त्याला सांगितलं, "कॉक बंद आहे. आधी तो उघडा, मग किक मारा." "ध्यानात हाये," तो म्हणाला. आळेफाट्यापर्यंत टेम्पोने आलो, तिथून एसटीने.

नवी गाडी गुरुवारी मिळेल. किंमत त्रेचाळीस हजार. साठवलेले पंधरा आणि तुझ्या गाडीचे आठ, असे तेवीस भरायचे. राहिलेले वीस पतसंस्थेचे, ते दोन वर्षांत फेडायचे. हातमोजे नवे घेतले, एकशे दहा. वरचे पाचशे मी कशातच धरले नाहीत. ते पत्र्याच्या डब्यात पेनाजवळ ठेवले आहेत. त्या वाडीवर मी तू गेल्यापासून गेलो नाही. जानेवारीत गट त्या वळणावरून जाईल तेव्हा मी थांबेन की नाही, हे आज लिहिता येत नाही.

हे पान वहीतून फाडणार नाही, मागच्या पानांवर गाड्यांचे रकाने आहेत. आणि पेनाचं राहिलं. त्यात मी शाई कधीच भरली नाही. तू विचारायचीस तेव्हा छान चालतं म्हणून सांगायचो. हे सगळं काट्यावरच्या बॉलपेनने लिहिलं आहे.