काचघरातलं बाशिंग

बाबा, आज जानेफळात शेजारी लग्न होतं. नवरीच्या कपाळावर शिंदीच्या पानांचं बाशिंग पाहिलं आणि तुमचा राग पुन्हा वर आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतोच.

राज्य नवं होतं तेव्हा चिखलीच्या सरकारी बागेत काचघर उभं राहिलं आणि त्यातले पाम तुमच्या हवाली झाले. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात काचघर म्हणजे झाडं उकडायचाच धंदा. उन्हाळा लागला की तुम्ही काचांना चुना फासायचे, वर ओली पोती टाकायचे, आणि आई ताट झाकून बसून राहायची. मी तापाने फणफणले तेव्हाही तुम्ही तिकडेच. माझ्या लग्नाच्या दिवशी तरी? वरात येऊन ठेपली आणि नवरीचा बाप काचघरात पोती भिजवून राह्यला. तेव्हाच आईच्या ध्यानात आलं, बाशिंग नाहीच. नाल्यावरच्या शिंदीची पानं आणायचं काम तुमचं होतं. निरोप गेला. तुम्ही घामाने निथळत आले, फिकी कोवळी पानं आईच्या हाती दिली, "घे, बांध लवकर," एवढंच बोलले. अक्षता पडल्या तसे परत गेले.

आषाढात, आखाडीच्या सणाला मी माहेरी आले. काचघरात मधली कुंडी रिकामी. तिथला सगळ्यांत उंच पाम नाही.

"बाबा, पाम कुठी गेला?"

"मेला. ऊन लागलं."

मला मनातून बरं वाटलं.

तुम्ही वारल्यावर आई बोलली. "नाल्यावर जायाले वेळ नव्हता. पामाची पानं शिंदीवानीच, त्यायनं त्याचा मधला कोंबच कापून आणला. कोंब कापला का झाड मरते, हे त्यायले ठाऊक होतं."

मग सांगायचं नाही का हो मला? मी आपली त्या झाडावर जळत राहिले. नाल्यावर शिंदी माजली होती, तुम्ही सकाळीच गेले असते तर पामही जगला असता आणि तुम्ही मांडवात बसले असते. झाडाचा जीव कोणी मागितला होता? मला तुम्ही पाहिजे होते मांडवात.

लग्नानंतर बाशिंग विहिरीत शिरवतात, पाण्यात सोडून देतात; मी शिरवलं नाही. सासूबाई रागावल्या, आता सून विचारते, "हे वाळलेलं काऊन ठेवलं, आत्याबाई?" पेटीत आहे, हे पत्रही त्याच्याखालीच ठेवते. आईने पामाचं सांगितलं म्हणून ते ठेवलं असं समजू नका. आधीपासूनच ठेवलंय. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी हाताने आणलेलं तेवढंच होतं.