माझा सर्व्हर, माझे नियम

सोमवार, १ तारीख. सकाळी.
आजपासून मी मालकीण! थोरल्या नातीने मोडक्या झाकणाचा जुना लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला आणि म्हणाली, आजी, हा तुझा सर्व्हर, इथे लोक लिहिणार, फोटो टाकणार, आणि कुठल्या कंपनीचा नाही, तुझा. कॉम्प्युटर दुरुस्त करते ती, कंपन्यांचं नाव काढलं की दातओठ खाते. तिसरी नापास बाईच्या हाती अख्खं गाव! लोक अकरा. धाकटी नात मनी लांबच्या शहरात, दिवस भरत आलेत. तीही बहिणीच्याच पंथातली, दुसऱ्या कुठल्या ॲपवर नाही. म्हणाली, बाळाचा पहिला फोटो इथेच टाकीन, तुझ्यासाठी. म्हणजे पणतवंड सगळ्यांत आधी मी बघणार. भिंतीपलीकडची जाऊ नाही.
संकल्प: कुणाशी भांडायचं नाही.

बुधवार, ३.
नियम केले. चौदा. आठच्या आत सगळ्यांनी नमस्कार घालायचा. मालकिणीला उलट उत्तर नाही. जांभया, आळस, दुखणी इथे मांडायची नाहीत, माझा गुडघा सोडून. शिंपीण सगळ्याला नुसतं हं लिहिते. काढली.

शुक्रवार, ५.
जावेने सगळ्यांदेखत लिहिलं, की आमच्या जाऊबाईंचा चहा म्हणजे गरम पाण्याची पत्तीशी तोंडओळख. सहा जणांनी हसरे चेहरे टाकले. सहा! जावेला काढली. हसणारे तिघे काढले. उरलेल्यांत विहीणबाई होत्या, म्हणून हात आवरला. माझ्यासारखा संयम कुणात नाही.

सोमवार, ८.
घात! जावेने स्वतःचा सर्व्हर काढला. तेच सॉफ्टवेअर, रंगसुद्धा तोच. चोरी आहे म्हटलं. नात म्हणाली, चोरी कसली, हे मोकळं सॉफ्टवेअर आहे, कुणीही न्यावं, बदलावं, वाटावं, त्यासाठीच तर केलंय. तिला बसवून कुणी दिलं, विचारलं, तर बराच वेळ पाणीच पीत राहिली. वर सांगते, तिकडची माणसं तुला दिसतील, तुझी त्यांना. घरं दोन, पण भिंतीत दार. दारच ठेवायचं होतं तर वेगळी चूल कशाला मांडली मेलीने?

गुरुवार, ११.
माझी माणसं तिकडे चालली. तिकडे नियम एकच म्हणे, मजेत राहा. असं कुठे राज्य चालतं? मनीपण गेली. फोनवर म्हणाली, नववा महिना आहे गं आजी, तुझ्या नियमात मला साधी जांभई देता येत नाही, आणि दारातून दिसेनच की तुला. भोळी पोर. भुलवली तिला.

शुक्रवार, १२. दुपारी.
बटण सापडलं! एकेकाला कशाला हाकला, जावेचा अख्खा सर्व्हरच बंद करता येतो. डब्यावरच्या यंत्राने विचारलं, नक्की? इतकी नक्की मी लग्नातही नव्हते. नात ओरडली, अगं थांब, तिकडे मनी... मी म्हटलं, त्या बाईकडे गेलेल्या कुणाचं नाव या घरात नको. सुक्याबरोबर ओलंही जळतं. दाबलं.
नात बॅग भरून मनीकडे गेली. बाळंतपणाला जायचंच होतं, रागाने एक दिवस आधी गेली. जाताना म्हणाली, मनीला मी यातलं काही सांगणार नाही, तूच निस्तर.

रविवार, १४.
विहीणबाईही कालच तिकडे गेल्या. काय शांतता! ना टोमणा, ना हसरे चेहरे. आज नमस्कार मी घातला, उत्तरही मीच दिलं. आठच्या आत. शिस्त म्हणतात ती ही.

बुधवार, १७.
मुलाचा फोन. मनीला मुलगी झाली! म्हणाला, आई, फोटो टाकलाय, बघितलास का? मी डब्यासमोरच बसले होते. काही नाही. पण पहिली मीच बघणार असं गल्लीभर सांगून बसलेय. म्हटलं, कधीच बघितला, केस अगदी माझ्यासारखे दाट. तो नुसतं हो का म्हणाला.
लगेच इंटरनेटवाल्याला फोन करून झापला. त्याचाच हलगर्जीपणा.

शनिवार, २०.
दूधवाला म्हणतो, आजी, पणती गोड आहे हो. त्याने बघितली! शिंपिणीने बघितली! मी पण हो हो केलं. हा सगळा कंपन्यांचा डाव. नात म्हणते ते खोटं नाही. लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला, खालचं पीठही चाळून ठेवलं.

मंगळवार, २३. दुपारचे चार.
जाऊ आली. मोबाइल पुढे ठेवला. माझी पणती. डोकं तुळतुळीत, औषधाला केस नाही. खाली मनीने सतरालाच लिहिलंय, आजी, हा पहिला तुझ्यासाठी. मग, आवडली नाही का गं? मग नुसतंच, आजी? आणि त्याखाली जावेने लिहिलंय, जाऊबाईंचं इंटरनेट बिघडलंय, सुरू झालं की आधी त्याच बोलतील.
चष्मा पुसला. दोनदा.
दार उघडायचं बटण काही सापडेना. ते नातीला ठाऊक, आणि ती महिनाभर येत नाही. फोनवर विचारावं तर केसांची थाप उघडी पडते. शेवटी जावेच्याच सर्व्हरवर नाव घालायला घेतलं. तिथे अर्ज असतो. तुम्हाला इथे का यायचं आहे? लिहिलं, पणतीशी बोलायचंय. खाली उमटलं, मालकिणीच्या मंजुरीची वाट बघा.
मालकीण समोर बसून माझा चहा पितेय. मोबाइल उपडा. आत्ता दुसरा कप मागितला.
पत्ती दुप्पट घातलीय.