नव्या तेलात जुनं तेल

आई, आज दुपारी वाचता वाचता तुझ्या कढईचा वास आला. तुझा जावई गेल्यापासून दुपारी हाताला लागेल ते वाचते. हे पुस्तक नातीचं, ती हॉटेलचं शिकते. त्यात तळणाच्या तेलावर पूर्ण एक धडा आहे. तेल फार वेळ तापलं की फुटतं म्हणे. पिठातल्या पाण्याची वाफ त्याला फोडते, आम्लं सुटतात, हवेतला प्राणवायूही आत शिरतो. डोळ्यांना झोंबतो तो धूर तेलाचा स्वतःचाच एक तुकडा जळून होतो. तुला हे सगळं वासावरून कळायचं.

मग पुस्तक मांडीवरच राहतं आणि सांडोर गावची ती वाडी डोळ्यांपुढे येते. तुला रांधायला बोलावलेल्या एका लग्नाचा आदला दिवस आहे. केळींच्या मधे चूल मांडलेली, आणि तू मुठीतून आंबवलेलं पीठ दाबून त्याचे गोल फुगे तेलात सोडते आहेस. ते बुडतात, वर येतात, आपलेआपण कूस बदलतात. धूर पानांत अडकून निळा झालाय, त्याच्या पलीकडची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसतात. दुपारी तेलावरचा फेस बसेना, तशी तू जाळ ओढलास आणि तेल ओतून द्यायला सांगितलंस.

"मावशी, एवढं तेल मातीत? वरून थोडं नवं घाला की," नवरीची आई म्हणाली.

"उद्या नवरीने रडायचं, पाहुण्यांनी नाय."

बायका हसल्या. नवरीची आई हसली नाही. मी सोळा वर्षांची, मला तिच्यासमोर लाज वाटली. तेल निवल्यावर खड्ड्याकडे मीच नेलं. अर्धं ओतलं. उरलेलं, तू हात धुवायला गेलीस तेव्हा, कढईतल्या नव्या तेलात मिसळलं. पुस्तकात लिहिलंय की बिघडलेलं तेल चांगल्यालाही बिघडवत जातं, धूर लवकर काढतं. तासाभरात पुन्हा फेस आला. फुगे बाहेरून काळे, आतून कच्चे. तू तेलाचा डबा उघडून पुन्हा पुन्हा हुंगलास.

"बाय, डबा चांगला वाटतो. माझंच नाक गेलं बघ," तू हळूच म्हणालीस.

पुढे कुणी बोलवायला आलं की तू दारातूनच सांगायचीस, आता दुसरी कुणी बघा. घरातलं दूधसुद्धा माझ्या नाकाखाली धरायचीस, नासलंय का विचारायला. शेवटपर्यंत.

तुझं नाक शाबूत होतं, आई.

हे पत्र तुझ्या कबरीवर ठेवावं असं वाटलं होतं, पण नाही नेणार. नेलं तर पुढचंही लिहायला हवं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. त्या दिवशी चुलीपाशीच कळलं होतं. सांगितलं असतं तर तू पुन्हा लग्नघरी जायला लागली असतीस. त्या वर्षी लग्नसराईत पहिल्यांदाच तू घरी होतीस, आणि मला ते आवडलं होतं.