लागलं!

१६ जून २०१८, शनिवार

"लागलं!"

प्रबोध बाल्कनीतून एवढ्यांदा ओरडला की लाटणं टाकून हळदीचा डबा घेऊनच धावले. म्हटलं, दारात बोट चेंगरलं की काय! तर नवरोबा फोन छातीशी धरून नाचतायत. "अगं, बेट लागली, बेट! पैसे जिंकलो!" मी तशीच उभी, चिमटीत हळद. अवनी हसून हसून सोफ्यावरून खाली. "आई सो ब्लर, लाह!" ब्लर म्हणजे बावळट, इथल्या परदेशी शाळेतली भाषा. मग मलाही हसू फुटलं. किती दिवसांनी तिघं एकदम हसलो!

तव्यावरची पोळी मात्र करपली.

१९ जून, मंगळवार

वर्ल्ड कप आहे, चालायचंच — असं मीच मला सांगते. पूर्वी बेट लावायला खालच्या दुकानासमोर रांगेत उभं राहायला लागायचं. तिथे ऑफिसचं कुणी बघेल म्हणून लाजायचा. आता फोनवरून लावायची सोय झाली, लाजही गेली. काही बोललं की, "सरकारमान्य आहे गं! चोरी करतो का मी? यातला पैसा समाजकार्याला जातो." वा रे दानशूर कर्ण!

अवनीच्या सुट्टीत पुण्याला जायचं ठरलं होतं. तिकिटं काढायची राहूनच गेली. "ऑफिसात रिलीज आहे." रिलीज कसली ते मला कळतं. आईला फोनवर म्हटलं, यंदा नाही जमत. तर ती म्हणते, "असू दे गं, जावईबापूंना किती काम!" हो म्हटलं.

२२ जून, शुक्रवार

आज मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. बघू तर!

फोन पाण्याच्या जगला टेकवलेला, मॅच चालू. अवनीनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं, तिला डोळ्यांनी गप्प केलं. "कशी झालीय आमटी?" "मस्त." आणि पुन्हा वाढून घेतली!

हाच माणूस लग्नानंतर पोह्यात लिंबू कमी पडलं तरी ओळखायचा. भांडी घासताना रडू आलं. वेडीच आहे मी. आमटीवरून रडतं का कुणी?

२६ जून, मंगळवार

आज तो माझ्याशी एकच वाक्य बोलला. "चार्जर कुठाय?"

३० जून, शनिवार

काल ऑफिसातून येताना एलआरटीच्या गाडीत चक्कर आली त्याला. कुणा मलाय बाईनं जागा दिली, पाणी दिलं. आज ओढतच क्लिनिकमध्ये नेलं. बीपी वाढलंय. छातीत धडधडतं, झोप नाही, डोळे बघवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसला ताण आहे का? "कामाचा," हा म्हणाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो, कामाचा.

का हलवली? लाज वाटली म्हणून. आणि भीतीही. इथे राहायचा त्याचा पास नोकरीवर, माझा पास त्याच्या पासवर, अवनीची शाळा, हा फ्लॅट… एक वीट काढली तर सगळंच अंगावर यायचं. कुणाशी बोलू? या ब्लॉकमध्ये एवढी दारं, आणि माझ्या ओळखीचं एकही नाही.

गोळ्या दिल्यात. गोळी घेतानाही एक डोळा फोनवर.

३ जुलै, मंगळवार

सेरंगूनच्या मॉलमध्ये रत्ना भेटली. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झालेली, तेवढीच काय ती मैत्रीण. "बारीक झालीस गं," एवढंच म्हणाली, आणि मी भर फूडकोर्टात हुंदके द्यायला लागले. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, वर्ल्ड कप सगळेच बघतात. तसं नाही म्हणाली. म्हणाली, "दारूचा निदान वास तरी येतो. याला तोही नाही गं."

जुगाराच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. घरच्यांनी अर्ज केला तर त्याला बेट लावायला बंदी करवता येते म्हणे. "सुचित्रा, निदान फोन तर कर."

५ जुलै, गुरुवार

रत्नाचा मेसेज — केलास का फोन? लिहिलं, केला, पण लागत नाही.

खोटं! रिंग वाजत होती. मीच तोडला. नवऱ्याची चुगली परक्या बाईकडे करायची? शी! आणि गरजच काय? फायनल झाली की थांबणार आहे तो. अवनीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय.

१५ जुलै, रविवार

आज फायनल. सुटले एकदाची! दही टांगून श्रीखंड केलंय. उद्या तो जेवताना माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, साखर जास्त झालीय. म्हणू दे!

१८ जुलै, बुधवार

फोन पुन्हा जगला टेकलेला.

"आता कुणाची मॅच?"

"जपानची लीग."

जपानची! त्या संघाचं नावसुद्धा धड उच्चारता येत नव्हतं त्याला. म्हटलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतास. तर म्हणतो, "मी वर्ल्ड कपपुरतं म्हणालो होतो. त्यावर लावतोय का आता?" वकीलच व्हायला हवा होता.

उरलेलं श्रीखंड टाकून दिलं. मला गेलं नाही.

२२ जुलै, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी खालच्या प्लेग्राउंडवर अवनी वरच्या दांडीवरून पडली. कोपर सोललेलं, रक्ताचा ओघळ. मी लांब होते. ती बाकावर बसलेल्या बाबाकडे धावली. "बाबा, लागलं!"

त्यानं मान वर केली नाही. "किती?"

मी पळता पळता थांबले. म्हटलं, बापच आहे, किती लागलं तेच विचारत असेल. आता वर बघेल. अवनीही वाट बघत होती, हात धरून. पण तो हसत होता. खाली मान घालून हसत होता!

मग थेंब त्याच्या चपलेवर पडला. चेहरा पांढराफटक झाला बिचाऱ्याचा. फोन फेकून तिला उचलायला गेला. ती मागे सरकली.

घरी येऊन तो रडला. मला कीव आली, आणि रागही आला. जवळ मात्र गेले नाही.

२३ जुलै, सोमवार

अवनी बाथरूममध्ये घसरली. धाडकन आवाज. "लागलं का गं?"

"पेन होतंय."

"मग हाक का नाही मारलीस? लागलं म्हणायचं की!"

"तो बाबाचा वर्ड आहे," म्हणाली. "हॅपीवाला."

२४ जुलै, मंगळवार

फोन केला. आज तोडला नाही. लागला.

पलीकडच्या बाईनं नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. लग्नात सगळ्या मागे लागल्या होत्या — नाव घे, नाव घे! किती लाजले होते तेव्हा.

घेतलं.