पाळण्याजवळचं रेकॉर्डिंग

अहो,

चिमीला घेऊन मी आईकडे गेले आहे. तुमची प्रवासाची गाणी पेनड्राइव्हवर भरली आहेत; तो तुमच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे. पाळण्याजवळचा जुना फोन खुट्ट झालं की रेकॉर्ड करतो ना, त्याचं कालचं रेकॉर्डिंगही चुकून गाण्यांत आलंय. काल दुपारी मी चिमीला लस द्यायला नेलं होतं, घराला कुलूप होतं. तरी त्यात एक बाई अंगाई गुणगुणतेय.

ते पुसू नका, पण घरात लावूही नका. गाडीत ऐका आणि तसेच आईकडे या. पाळणा तिथेच राहू द्या.

रेकॉर्डिंगच्या शेवटी कुलूप उघडतं आणि माझा आवाज येतो, “आलो गं बाई आपण घरी!”

त्यावर ती बाई फोनच्या अगदी जवळून हळूच म्हणते, “आली माझी चिमी.”